चूक फायररची नव्हती

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला लागलं की वाटेत ओरत्तनाडु येतं. भाताची खाचरं, कालवे, नारळ. तिथल्या कॅडेटची पॉइंट टू टू रायफलची फायरिंग होती. तिसऱ्या डिटेलमध्ये एका मुलीचा दुसराच राउंड अडकला. बोल्ट पूर्ण बंद होईना. तिने शिकवल्याप्रमाणे हात वर केला. उस्ताद आला, बोल्टला दोन झटके दिले. राउंड चेंबरमध्येच राहिला. मग त्याने खिशातला चाकू काढला आणि काडतुसाच्या कडेला टोक लावून उचकटायला लागला.

मी ओरडलो. लाइन थांबवली, मुलीला मागे घेतलं आणि नळी बटाकडे ठेवूनच रायफल आर्मोररच्या हवाली केली.

उस्ताद कराडकडचा, बारा वर्षं नोकरी झालेला हवालदार. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, नेहमी असंच काढतो. रायफल म्हातारी झालीय, आणि पोरींच्या हातात जोर नसतो."

या एका वाक्याविरुद्ध हा लेख आहे. हवालदाराविरुद्ध नाही, कारण त्याला तसं वागू देणारे आम्ही अधिकारीच आहोत.

आधी चाकूचं बोलू. इन्सास किंवा एसएलआरच्या काडतुसात पेटवणारी टोपी बुडाच्या मधोमध असते. टू टूच्या काडतुसात वेगळी टोपीच नसते. तो मसाला बुडाच्या कडेत, म्हणजे रिममध्ये, गोल फिरवून भरलेला असतो. फायरिंग पिन त्या कडेवरच आदळते. म्हणजे जिवंत राउंडच्या रिमवर चाकू टेकवणं हे टोपीवर चाकू टेकवणं आहे. बोल्ट उघडा असताना तिथे स्फोट झाला तर पितळेचे तुकडे थेट डोळ्यात. "खेळण्यातली रायफल" म्हणणाऱ्यांनी हे एकदा समजून घ्यावं.

आता "फसली" या शब्दाबद्दल. आपल्याकडे प्रत्येक रुकावटीला हा एकच शब्द आहे, आणि उपायही एकच: जोर लावा. पण राउंड आत न जाणं, पुंगळी चेंबरमध्ये अडकणं आणि पुंगळी मागे येऊनही बाहेर न पडणं हे तीन वेगळे आजार आहेत.

राउंड आत जात नसेल तर आधी मॅगझिन बघा. ओठ वाकलेत का, स्प्रिंग मेली का, भरताना वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या मागे अडकली का? मॅगझिनवर नंबर घाला आणि दुसऱ्या रायफलला लावा. दोष मॅगझिनबरोबर गेला, तर रायफल निर्दोष आहे.

मॅगझिन ठीक असेल तर चेंबर बघा. टू टूची गोळी मऊ शिशाची, बहुधा मेणासारखं वंगण लावलेली. काजळी, मेण आणि शिसं मिळून चेंबरच्या पुढच्या टोकाला कडक वळं तयार होतं. राउंड शेवटचे दोन केस आत जात नाही, बोल्ट बंद होत नाही, एक्स्ट्रॅक्टरचा आकडा रिमवर बसत नाही. मग बोल्ट ओढला तरी राउंड तिथेच. ओरत्तनाडुला नेमकं हेच झालं होतं.

पुंगळी अडकत असेल तर चेंबरबरोबर एक्स्ट्रॅक्टर तपासा. आकड्याखाली काजळी साचते, टोक झिजतं, स्प्रिंग ढिली पडते. पुंगळी मागे येऊनही पडत नसेल तर प्रश्न इजेक्टरचा, किंवा बोल्ट अर्धवट ओढल्याचा. फायररची चूक असलीच तर ती इथे, या तिसऱ्या आजारात. आपण मात्र तिन्हींचं बिल तिच्याच नावावर फाडतो.

आणखी एक दोष आपण स्वतः पैदा करतो. रिकाम्या रायफलवर दिवसभर ट्रिगर ऑपरेशनचा सराव. ज्या रायफलीत पिनला रोखणारी सोय नाही, तिथे पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते, काठाला बारीक खाच पडते, धातू उचलला जातो. मग राउंड जाताना घासतो, पुंगळी निघताना अडते. डमी राउंड वापरले की हे टळतं.

पण समजून घेण्यापेक्षा पाठांतर सोपं. त्याच मुलीच्या वहीत टू टू रायफलचा मझल व्हेलॉसिटी सेकंदाला २७०० फूट लिहिला होता. हा साधारण एसएलआरचा आकडा. टू टूची गोळी साधारण ११०० ते १२०० फुटांनी जाते. मुलं तो आकडा पाठ करतात, आपण त्यावर मार्क देतो.

"हातात जोर नाही" म्हणणाऱ्यांसाठी: कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनची विश्वविजेती झाली. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. दोघांच्या हातात याच टू टू काडतुसाची रायफल होती. फरक जोराचा नाही, निगराणीचा आहे.

"गोळीच खराब" म्हणणाऱ्यांनी लॉट नंबर लिहावा. त्याच लॉटचे राउंड शेजारच्या रायफलीतून सुरळीत जात असतील तर गोळीला दोष देऊ नये.

ओरत्तनाडुचं दुसरं नाव मुक्तांबाळपुरम. दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या नावाने इथे छत्रम उभारलं. वाटसरूंना जेवण, मुलांना शिक्षण. हाच भोसले राजा डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं ठेवायचा: तक्रार काय, उपचार काय, गुण आला का. दोनशे वर्षांपूर्वी. आपण रायफलीची तेवढीही नोंद ठेवत नाही.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक रायफल आणि मॅगझिनचं वेगळं पान ठेवा. रुकावट आली की प्रकार, लॉट आणि उपाय लिहा. रायफल बदलून बघितल्याशिवाय "फायररची चूक" लिहू नका. चेंबर ब्रशने, शक्य तिथे मागच्या बाजूने साफ करा. तेलाने न्हाऊ घालू नका. रिमजवळ कुठलंही हत्यार नको. आणि रुकावटीत गेलेला राउंड त्या कॅडेटला परत द्या.

संध्याकाळी आर्मोररने एक्स्ट्रॅक्टर काढला, चेंबर घासलं. वीस मिनिटं लागली. रायफल ठणठणीत. मी जुनं रजिस्टर मागवलं. याच नंबरच्या रायफलपुढे आधीच्या तीन कॅम्पमध्ये तोच शेरा होता: "फायररची चूक." त्यातल्या दोन पानांवर सही माझी होती.

त्या मुलीला राउंड परत मिळाले ते पुढच्या कॅम्पला. दुसऱ्या रायफलने तिने पाचही व्यवस्थित मारले. पण तोपर्यंत टीमची यादी गेली होती आणि तिचं ते शेवटचं वर्ष होतं. मी तिन्ही शेरे खोडले, "रायफल सदोष, तपासणी झाली नाही" असं लिहिलं आणि खाली पुन्हा सही केली. तिला त्याचा काही उपयोग नाही. पुढच्या मुलीला व्हावा.