विश्लेषण : ‘उलट आखणी’ने वाशिमच्या शाळांतील वाचन सुधारेल का?

केंद्र सरकारच्या ‘आकांक्षित जिल्हा’ कार्यक्रमात २०१८ पासून गडचिरोली, नंदुरबार आणि धाराशिवसह वाशिमचाही समावेश आहे. जिल्ह्यांच्या क्रमवारीत शिक्षणाला ३० टक्के भारांक आहे. पाठ्यपुस्तके वेळेत पोहोचली का, शाळेत स्वच्छतागृह आहे का, हे मोजणे सोपे. मूल समजून वाचते का, हे मात्र वर्गात तास कसा आखला जातो यावर ठरते. त्यासाठीचा एक आराखडा म्हणजे ‘उलट आखणी’. तो काय आहे आणि कुठे अडतो, याचा हा आढावा.

‘उलट आखणी’ म्हणजे काय?

एरवी सुरुवात धड्यापासून होते. धडा शिकवायचा, संपवायचा आणि मग चाचणी घ्यायची. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ मध्ये पुस्तकरूपाने याच्या उलट क्रम मांडला. मुलाला काय यायला हवे, हे आधी ठरवायचे. ते आले हे कशावरून ओळखायचे, हे दुसऱ्या टप्प्यात ठरवायचे. धडा, खेळ आणि साहित्य यांची निवड सर्वांत शेवटी.

लक्ष्य कोणते?

पहिला टप्पा सरकारने ठरवून दिला आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानानुसार दुसरीअखेर मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तर तिसरीअखेर किमान ६० शब्द समजून वाचावेत. अंकज्ञानात अनुक्रमे ९९९ आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या याव्यात. यासाठी २०२६-२७ ची मुदत आहे.

वर्गात काय बदलते?

मुलाने पाठ केलेला धडा घडाघडा म्हणून दाखवला, तर तो वाचनाचा पुरावा ठरत नाही. न पाहिलेला छोटा उतारा देऊन त्यावर दोन प्रश्न विचारले की खरी स्थिती कळते. मग कोणी अक्षरांवर अडलेले असते, कोणी शब्दांवर, तर कोणी परिच्छेद वाचू शकते. गट इयत्तेनुसार न पाडता या पातळीनुसार पाडायचे. एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो, अशा लहान शाळेत तर ही विभागणी जास्त सोयीची ठरते.

वाशिममध्ये वेगळे काय?

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. जिल्ह्यात अनेक तांडे आहेत. घरी गोरमाटी बोलणाऱ्या मुलासाठी आई ही ‘याडी’ असते. पुस्तकातला ‘आई’ हा शब्द त्याला अक्षरे जुळवून वाचता येईल, पण अख्खा उतारा मराठीत असेल तर वाचूनही अर्थ लागेलच असे नाही. अशा वेळी अडचण वाचनाची आहे की भाषेची, हे आधी ओळखावे लागते. दुसरा प्रश्न कामासाठी होणाऱ्या स्थलांतराचा. शिक्षण हमी कार्डामुळे मुलाला नव्या गावच्या शाळेत जाता येते. पण त्याची वाचनपातळी तिथल्या शिक्षकाला कळली नाही, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

आधीचा अनुभव काय सांगतो?

पातळीनुसार गट पाडण्याची पद्धत ‘प्रथम’ संस्थेने विकसित केली. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी सहकाऱ्यांसह तिच्या चाचण्या घेतल्या. हरियाणात रोजचा एक तास या कामासाठी राखीव ठेवला आणि पर्यवेक्षकांनी वर्गात जाऊन साथ दिली, तेव्हा मुलांचे वाचन सुधारले. उत्तराखंडमध्ये नेहमीच्या वेळापत्रकात केवळ प्रशिक्षण आणि साहित्य दिले गेले. तिथे फरक पडला नाही.

कळीचा मुद्दा कोणता?

वाशिमचा साक्षरता दर २०११ च्या जनगणनेत सुमारे ८३ टक्के होता. म्हणजे मुले शाळेपर्यंत पोहोचत आहेत. कस लागतो तो वर्गात. उलट आखणीतील चाचणी ही उद्याचा तास कसा घ्यायचा, हे ठरवण्यासाठी असते. तीच चाचणी जिल्ह्याच्या क्रमवारीसाठी वापरली गेली, तर न येणारे मूलही ‘येते’ या रकान्यात जाण्याचा धोका असतो. तसे झाले तर आकडा सुधारेल, पण मूल अक्षरांवरच अडलेले राहील. म्हणून मुलाची खरी पातळी नोंदवणाऱ्या शिक्षकाला जाब न विचारता मदत मिळते की नाही, यावर या आराखड्याचे यश अवलंबून आहे.