गाडी मागे घेता आली पाहिजे

आमच्या माधवनगरात काही गल्ल्यांतून अजूनही मागांचा खडखडाट चालतो. सवय नसलेला पाहुणा त्या आवाजाने रात्रभर कूस बदलत राहतो, आणि आम्ही मात्र माग थांबले की जागे होतो. अशाच एका खडखडत्या रविवारी शेजारची आठवीतली मुलगी पुठ्ठ्याचा खोका छातीशी धरून दारात उभी राहिली. खोक्यात शाळेतला रोबो होता. रोबो म्हणजे काय, तर दोन चाकांची एक छोटी गाडी, दोन पिवळ्या मोटरी, बॅटरी, वायरींचा गुंता आणि वर एक लाल बटण.

"आजोबा, बटण दाबल्यावर ही मागं जायला पाहिजे. कधी जाते, कधी जातच नाही."

मी विद्युत विषय शिकवण्यात उभे आयुष्य घालवून निवृत्त झालेला माणूस. हिच्या शाळेत प्रदर्शन जवळ आले होते. रोबो शिकवायला बाहेरून एक शिक्षक पंधरवड्यातून एकदा येत. त्यांनी तयार प्रोग्रॅम गाडीत भरून दिला होता आणि "कीटमध्येच दोष आहे" असे सांगून ते पुढच्या शाळेला गेले होते. मुलीचा प्रश्न तिथेच राहिला.

मोटर उलटी फिरवणे ही तशी मोठी विद्या नव्हे. बॅटरीवर चालणाऱ्या अशा लहान मोटरीला दोन तारा असतात. त्यांची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते. पण धावत्या गाडीत दर वेळी तारा कोण बदलणार? म्हणून मोटरीभोवती चार स्विच इंग्रजी 'एच' अक्षराच्या आकारात बसवतात. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन चालू केले की वीज मोटरीतून एका दिशेने वाहते, दुसरे दोन चालू केले की उलट दिशेने. एकाच बाजूचे दोन्ही चालू झाले तर मात्र थेट शॉर्ट. हे चारही स्विच एका चिपमध्ये बसतात, आणि कोणते कधी चालू करायचे हे प्रोग्रॅम सांगतो.

ही गोष्ट तिला पुस्तकातून समजली नव्हती. मी सेल आणि सुटी मोटर हातात दिली, तिने तारा उलट्या लावल्या, चाक उलटे फिरले, आणि तिचा चेहरा उजळला. मग आम्ही बटणाकडे वळलो. बटण किती वेळा दाबले गेले ते संगणकाच्या पडद्यावर दिसावे, एवढीच एक ओळ प्रोग्रॅममध्ये घातली. तिने एकदा बटण दाबले. पडद्यावर आकडा आला तीन. पुन्हा एकदा दाबले, आला दोन.

"मी एकदाच दाबलं, आजोबा. शप्पथ!"

ती खोटे बोलत नव्हती आणि यंत्रही खोटे बोलत नव्हते. बटणातल्या धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आपटतात, टाळी वाजवताना हात उसळावा तशा क्षणभर उसळतात आणि मग स्थिरावतात. आपल्याला हे कळत नाही, पण सेकंदाचे हजार भाग करून पाहणाऱ्या यंत्राला प्रत्येक उसळी म्हणजे नवा हुकूम वाटतो. हुकूम विषम आले की गाडी उलटायची, सम आले की जैसे थे. यावर उपाय अगदी साधा: पहिला स्पर्श झाला की थोडे थांबायचे, बटण अजून दाबलेलेच आहे ना ते पाहायचे, आणि मगच हुकूम मानायचा.

हे सुटले तर दुसरे उपटले. बटण दाबताच गाडी मागे न जाता जागच्या जागी गरगर फिरू लागली. दोन मोटरी गाडीच्या दोन कुशींना समोरासमोर बसवलेल्या असतात, त्यामुळे एकीचे पुढे ते दुसरीचे मागे, हे ती विसरली होती. ते दुरुस्त झाले तर तिसरे. भरधाव गाडी एकदम उलटी करताच सगळे दिवे विझून प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होऊ लागला. पुढे पळणाऱ्या मोटरीला तत्क्षणी मागे ओढले की ती इतका प्रवाह खेचते की लहान बॅटरीचा दाब कोसळतो आणि यंत्राचा मेंदू गळाठतो. म्हणून आधी थांबायचे, अर्धा सेकंद दम घ्यायचा, मग मागे जायचे. संध्याकाळी मागावरची पाळी बदलेपर्यंत गाडी शहाण्यासारखी मागेपुढे करू लागली होती.

पुढची गोष्ट सांगताना मला अजून वाईट वाटते. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुलीचा प्रोग्रॅम काढून मूळचा तयार प्रोग्रॅम पुन्हा भरण्यात आला. "चाललेलं बिघडवू नकोस" असे तिला बजावले गेले. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी लाल बटण दाबले, गाडी पुढेच गेली आणि टेबलाच्या पायावर आपटली. सगळे हसले. पाहुणेही मोकळेपणाने हसले, त्यांचा काही दोष नाही. बोलणी मात्र मुलीने खाल्ली. घरी येऊन ती आईला म्हणाली, "मला नाही जमत हे. मी नाही जाणार आता त्या लॅबमध्ये."

एक गाडी टेबलावर आपटली म्हणून कुणाचे काही बिघडत नाही. पण ज्या मुलीला आदल्या रविवारी तीन चुका स्वतःच्या हाताने सापडल्या होत्या, तिने 'मला जमत नाही' हा धडा घेऊन परतावे, हे नुकसान कोणत्या खात्यात मांडायचे?

हा प्रश्न एका शाळेपुरता नाही. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने 2016 पासून देशभर दहा हजारांवर शाळांत 'टिंकरिंग लॅब' उभ्या केल्या. त्यासाठी शाळेला पाच वर्षांत 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळण्याची सोय झाली. 2025 च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांत पाच वर्षांत आणखी 50 हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकच्या आधीच कोडिंगची ओळख करून द्यायला सांगितले आहे. हे सगळे स्वागतार्हच आहे. आमच्या वेळी शाळेत चुंबकसुद्धा कपाटात कुलूपबंद असे. पण 'टिंकरिंग' म्हणजे आपल्या भाषेत खटपट, आणि खटपटीत बिघाड आलाच. बिघाडाला बंदी असलेली प्रयोगशाळा म्हणजे दुकानातली मांडणी.

ज्यांनी मुलांच्या हाती संगणक देण्याचा विचार प्रथम मांडला, त्यांनी हे ओळखले होते. अमेरिकेतल्या एमआयटीचे सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. तिच्यातल्या कासवाला 'पुढे' जाता येई तसेच 'मागे'ही. 1980 च्या आपल्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात पेपर्ट यांचा भर होता तो चूक शोधून दुरुस्त करण्यावर. पुढे 1998 मध्ये लेगो कंपनीने आपल्या रोबो-संचाला त्याच पुस्तकाचे नाव दिले. संच जगभर गेले, पण त्यामागचा विचार त्यांच्याबरोबर सगळीकडे पोचलाच असे नाही.

आणि खरे सांगायचे तर या विद्येसाठी आपल्याला एमआयटीपर्यंत जायची गरजही नाही. कृष्णाकाठच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. लाइनची दुरुस्ती झाली आणि फेज उलटसुलट जोडले गेले की विहिरीवरची मोटर उलटी फिरते, पाणी नीट चढत नाही. तो मेन बंद करतो, तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करतो आणि पाणी चालू करतो. मागावर बाण्याचा धागा तुटला की विणकर माग हाताने मागे घेतो, नेमकी जागा शोधतो आणि तिथून पुढे विणतो. मागे न घेता तसेच पुढे रेटले तर कापडात खोट राहते. याच लोहमार्गावर वरच्या अंगाला किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ती 1910 मध्ये वसवली, पण त्याआधी त्यांचा लोखंडी नांगर बरेच दिवस गिऱ्हाइकाविना पडून होता. लोखंडाने जमीन नासते, अशी लोकांची समजूत होती.

यावर मला दोन उत्तरे मिळतात. एक म्हणजे, "सर, आता प्रोग्रॅमसुद्धा कृत्रिम बुद्धिमत्ता लिहून देते, मुलांनी कशाला डोके फोडायचे?" देते, आणि चांगला देते. पण या गाडीची डावी मोटर उलटी बसली आहे आणि बॅटरी अर्धी उतरली आहे, हे गाडी हातात घेतलेल्याला आधी दिसते. नेमके काय बिघडले हे ज्याला सांगता येत नाही, त्याला मदतही मागता येत नाही. दुसरे उत्तर असे की शाळांना प्रशिक्षित शिक्षक मिळत नाहीत. ही अडचण खरी आहे. मग आपल्याच गावातला मोटर रिवाइंडिंग करणारा कारागीर, वायरमन, माग दुरुस्त करणारा जॉबर, यांना महिन्यातून दोन शनिवार मानधन देऊन शाळेत का बोलावू नये? बटण उसळते कसे हे कदाचित त्यांना ठाऊक नसेल, पण बिघाडापुढे न घाबरता बसायचे कसे, हे त्यांच्याइतके कोण शिकवणार?

प्रदर्शनासाठीही एक साधी सूचना. प्रमुख पाहुण्यांनी बटण दाबू नये. ते मुलाला दाबू द्यावे आणि पाहुण्यांनी फक्त एवढेच विचारावे, "आधी काय चुकलं होतं?" ज्याला सांगण्यासारखी एकही चूक नाही, त्याचे बक्षीस थोडे राखून ठेवावे. आईवडिलांनीही संध्याकाळी "नंबर आला का?" याच्याआधी हाच प्रश्न विचारून पाहावा.

महिनाभर ती मुलगी आमच्याकडे फिरकली नाही. मीही बोलावले नाही. थोडे थांबल्याशिवाय उलटे वळता येत नाही, हे आम्ही दोघांनी मिळूनच शिकलो होतो. मागच्या रविवारी ती पुन्हा खोका घेऊन आली. शाळेने जुनी म्हणून बाजूला काढलेली तीच गाडी ती मागून घेऊन आली होती. तिला आता एक चाक पुढे आणि एक मागे फिरवून गाडी जागच्या जागी वळवायची आहे. त्या दिवशी चुकून झाले होते तसे, पण या वेळी मुद्दाम.

बॅटरी चार्जिंगला लावली आहे. ती जेवून येते म्हणाली आहे.