कन्फ्यूज नाही, बिविल्डर!

एफवायला असताना भर लेक्चरमध्ये हात वर करून मी म्हटलं होतं, ‘सर, आय अ‍ॅम कन्फ्यूजिंग!’ अख्खा वर्ग खो-खो हसला. म्हणायचं होतं ‘माझा गोंधळ झालाय’ आणि म्हणून बसले ‘मी गोंधळात टाकणारी आहे’! त्यानंतर वर्षभर माझा हात काही वर गेला नाही.

पण त्या हशामुळे गोंधळाचे इंग्रजी शब्द शोधायची सवय लागली. त्यातला माझा आवडता ‘बिविल्डर’. अर्थ, पार भांबावून टाकणे. हे क्रियापद इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे. त्याच्या पोटात ‘वाइल्ड’ आहे. ‘विल्डरनेस’ म्हणजे रान, ‘विल्डर’ म्हणजे वाट चुकवणे आणि पुढचा ‘बि’ म्हणजे पुरतं. थोडक्यात, रानात नेऊन पुरती वाट चुकवणे. कोकणातल्या कुठल्याही आजीला याचा अर्थ विचारा. ती डिक्शनरी न उघडता सांगेल, ‘अरे, म्हणजे चकवा लागला!’

याची भावंडं वेगळी आहेत. ‘कन्फ्यूज’चं मूळ लॅटिन, अर्थ एकत्र ओतणे. म्हणजे दोन गोष्टींची सरमिसळ. ‘परप्लेक्स’ही लॅटिनमधूनच आलं, त्यात गुंता आहे, वेणीसारखा पीळ. सरमिसळ झाली तर निवडायचं, गुंता झाला तर सोडवायचा. पण वाटच चुकली असेल तर? तर कुणाला तरी विचारावंच लागतं.

वापरताना एवढंच लक्षात ठेवा. भांबावून टाकतं ते ‘बिविल्डरिंग’, भांबावतो तो ‘बिविल्डर्ड’. स्कॉलरशिपचा फॉर्म बिविल्डरिंग, तो भरणारे आपण बिविल्डर्ड. (माझ्यासारखं उलट म्हणू नका!) आणि चहा घ्यावा की कॉफी, एवढ्यासाठी हा शब्द वाया घालवू नका.

आता मुद्द्याचं. लेक्चर संपताना ‘एनी डाउट्स?’ असं विचारलं जातं आणि वर्ग गप्प बसतो. सर समजतात, सगळ्यांना कळलं. पण मंडळी, डाउट यायलासुद्धा निदान अर्धं कळावं लागतं! बारावीपर्यंत मराठीतून शिकून आलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात इंग्रजी लेक्चरमध्ये हरवतो, तेव्हा त्याच्याकडे डाउट नसतो. त्याला चकवा लागलेला असतो. तो मान डोलावतो, वही भरतो आणि सेमिस्टरभर फिरून फिरून त्याच जागी येतो. मग रिझल्ट लागला की आपण म्हणतो, ‘अभ्यासच करत नाही.’

म्हणून प्राध्यापकांना एक विनंती. ‘डाउट आहे का?’ याऐवजी कधीतरी ‘कुठपर्यंत कळलं?’ असं विचारून बघा. वाट चुकलेल्याला निदान ओळखीचं शेवटचं वळण तरी सांगता येईल.

आणि आपल्यासाठी? ‘सर, मी हरवलोय, कुठे ते माहीत नाही’ हेही पूर्ण वाक्य आहे. ते मराठीत म्हणा, मोडक्या इंग्रजीत म्हणा. कुणी हसलंच तर हसू द्या. माझ्यावर वर्ग दोन मिनिटं हसला असेल. गप्प मात्र मी वर्षभर बसले. महाग काय पडलं, ते तुम्हीच ठरवा.