बिनगिअरची असली तरी



शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर किती स्कूटी उभ्या असतात, ते मी गेल्या महिन्यात एकदा मोजून पाहिले. शिक्षकांच्या सोडून अकरा निघाल्या. नेणारी मुले नववी-दहावीची. एका पालकांना विचारले तर म्हणाले, "सर, बिनगिअरची गाडी आहे, सोळाला चालते."

हा समज आपल्या भागात फार पक्का बसला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सोळा वर्षांची सवलत आहे खरी, पण ती ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाला. जुनी लुना त्यात बसत होती. आजची अ‍ॅक्टिव्हा १०० सीसीच्या पुढची आहे, आणि शेतात पेंडीची पोती वाहणारी टीव्हीएस एक्सएल १०० सुद्धा जवळजवळ १०० सीसीची. म्हणजे आपल्या अंगणातल्या गाडीला अठरा पूर्णच लागतात; त्याआधी तिचे शिकाऊ लायसन्सही मिळत नाही. "पलीकडे उदगीरला कुणी अडवत नाही," असेही ऐकले. पाटीवर केए-३९ असो की एमएच-२४, कायदा केंद्राचा आहे.

आणि २०१९ पासून त्यात पालकच सापडतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मुलाला स्वतःला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. मला माहीत नव्हते, किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही पालकावरच येते. रोज सकाळी किल्ली हातात देणाऱ्या बापाने ते कसे सिद्ध करावे?

दंडाचे एक वेळ सोडा. रस्त्यात कुणाला धडक बसली, माणूस गेला, तर विमा कंपनी भरपाई देऊन ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते, कारण चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हते. दोन एकर कोरडवाहूवर जगणाऱ्या घराने ती कुठून आणायची?

हे मी कोरड्या पायाने सांगत नाही. माझ्या मुलाला पंधराव्या वर्षी मीच गाडी दिली होती. ट्यूशनहून येताना ऊस भरलेल्या ट्रॅक्टरला चुकवताना तो पडला, मनगट मोडले. तेवढ्यावर निभावले. हेल्मेट घरी खुंटीला होते.

पालक हौसेने किल्ली देत नाहीत, हेही मला ठाऊक आहे. जादा तासाचा वर्ग सुटतो तोवर गावची बस गेलेली असते. २०२३ पासून शक्ती योजनेत मुलींना साध्या बसचा प्रवास मोफत आहे. पण बसच नसेल तर त्या मोफतीचे काय करायचे? नुसते फाटकावर गाड्या अडवून भागणार नाही. दोन गोष्टी विश्वस्त मंडळाने येत्या बैठकीत घ्याव्यात असे मला वाटते: बस मिळेल अशा वेळी जादा तास संपवणे, आणि संध्याकाळच्या एका फेरीसाठी कल्याण कर्नाटक परिवहनच्या डेपोकडे अर्ज. कोणत्या गावची किती मुले, याची यादी मी करून ठेवली आहे. अर्जावर पालकांच्या सह्या हव्या आहेत. कागद कार्यालयात ठेवला आहे.