शीर्षनिम्न शय्या, दृष्टी आणि आपली जबाबदारी

अंतराळात न जाता भारहीनतेचा अभ्यास करावयाचा झाल्यास शास्त्रज्ञ एक साधी शय्या वापरतात. तिची डोक्याकडील बाजू ६ अंशांनी खाली झुकविलेली असते. निरोगी स्वयंसेवक तीवर तीस-तीस, कधी साठ दिवस पडून राहतात. भोजन, स्नान, मलमूत्रविसर्जन सारे तेथेच. पायांकडील रक्त व द्रव शिराकडे सरकतात आणि अंतराळवीराच्या देहात घडणारे काही बदल जमिनीवरच पाहावयास मिळतात.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सुमारे सहा महिने अंतराळात राहून आलेल्या ७ अंतराळवीरांपैकी ५ जणांच्या ऑप्टिक डिस्कवर शोथ आढळला. नेत्रगोल मागील बाजूने चपटा होणे, जवळचे दिसणे मंदावणे हेही त्यांपैकी अनेकांत दिसले. पुढे २०१७ साली जर्मनीतील कोलोन येथे ११ स्वयंसेवकांना ३० दिवस शीर्षनिम्न शय्येवर ठेवण्यात आले. उशी दिली नव्हती आणि हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ०.५ टक्के राखले होते. त्यांपैकी ५ जणांत तसाच शोथ उत्पन्न झाला. द्रवाचे स्थानांतर व शिरातील दाब यांचा त्यात वाटा मानला जातो. मात्र नेमक्या संप्राप्तीबद्दल अद्याप एकमत नाही.

या शय्येची मर्यादाही ध्यानात घ्यावी. ती गुरुत्वाकर्षण नाहीसे करीत नाही, केवळ त्याची दिशा बदलते. अंतर्कर्णातील सूक्ष्म स्फटिकांना भार जाणवतच राहतो. प्रत्यक्ष अंतराळात तो जाणवत नाही. चक्षु एक साक्ष देतात, अंतर्कर्ण दुसरी, आणि म्हणून पहिल्या काही दिवसांत बहुसंख्य प्रवाशांना हृल्लास व भ्रम होतो.

१९८४ मध्ये राकेश शर्मा यांनी अंतराळात योगाभ्यासाचा प्रयोग केला आणि २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन आले. अशा प्रसंगी आपल्या व्यासपीठांवरून ‘हे सारे आमच्या संहितांत आहेच’ असे ऐकू येते. मला ते मान्य नाही. वायूचा लघु गुण म्हणजे भारहीनता नव्हे. वैशेषिकांनी गुरुत्वास पतनाचे कारण मानले आहे, हे खरे. पण त्यावरून अंतराळवैद्यक सिद्ध होत नाही. चक्षु तेजोमय असून त्यास कफापासून विशेष भय आहे, हा चरकाचा विचार शिरात द्रव साचण्याच्या या घटनेशी जुळतो असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु साम्य हा प्रमाणाचा आरंभ असतो, शेवट नव्हे.

मग या संशोधनातून आपण काय घ्यावे? स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी केशपतनासाठी आलेल्या एका पन्नाशीच्या गृहस्थांना मी औषधांबरोबर शीर्षासनही सुचविले. पुढच्या भेटीत ते सहज म्हणाले, “वैद्यराज, काचबिंदूचे थेंब रोज घालतो, ते चालू ठेवू ना?” मी पहिल्या भेटीत विचारलेच नव्हते. चेन्नई येथील नेत्रतज्ज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शीर्षासनाच्या वेळी नेत्रांतर्गत दाब सुमारे दुप्पट होतो, असे दिसले आहे. निरोगी डोळा तो सोसतो. काचबिंदूच्या डोळ्यास तो कितपत सोसेल याची खात्री मी कशाच्या बळावर देणार होतो? मी आसन तत्काळ थांबविले.

म्हणून माझे म्हणणे इतकेच, की शीर्षासन, सर्वांगासन किंवा डोके खाली ठेवणारी कोणतीही क्रिया सांगण्यापूर्वी काचबिंदू, नेत्रशस्त्रकर्म व नेत्रपटलाचे विकार यांविषयी विचारणे हा आपल्या प्रश्नपरीक्षेचा नित्य भाग व्हावा. नस्यातील प्रलंबित शिर काही मिनिटांचेच असते. तरीही अशा रुग्णांत नेत्रतज्ज्ञाचे मत घेण्यात कमीपणा नाही. दीर्घकाळ अंथरुणास खिळलेला पक्षाघाताचा रुग्णही एका अर्थी अंतराळवीरच आहे. त्याचे बल, तोल आणि उठून बसताना येणारी भोवळ यांची दखल औषधयोजनेइतकीच महत्त्वाची आहे.

औषधनिर्माते व विक्रेते बंधूंनाही एक विनंती. अंतराळाचे नाव जोडून नेत्ररसायन खपविण्याचा मोह होईल. १९५४ च्या जादुई उपचारविषयक कायद्याच्या परिशिष्टात काचबिंदू व मोतीबिंदू यांची नावे आहेत. त्यांवरील उपचाराची जाहिरात करणे निषिद्ध आहे. पण कायद्यापेक्षाही मोठा प्रश्न विश्वासाचा आहे. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही, आणि आपल्या चूर्णाच्या भरवशावर थेंब बंद करणारा रुग्ण आपल्याच दुकानातून गेलेला असतो.

तीस दिवस उशीविना पडून राहिलेल्या त्या स्वयंसेवकांनी एक प्रश्न तपासून पाहण्यासाठी स्वतःचे डोळे पणाला लावले. आपण निदान आपल्या रुग्णास एक प्रश्न विचारावा.