नाक वर, झोत समोरच्याच्या डोळ्यात

ढोकीच्या चौकात हल्ली गाड्यांची नाकं वर झाली आहेत. काळी थार, एमएच २५, मागच्या काचेवर 'भावी' काहीतरी, आणि पुढचा भाग दोन इंच उचललेला. मालकाला विचारावं, बाबा, हे कशासाठी? तर उत्तर ठरलेलं : "मामा, लूक बघा की!" बघितला. खड्ड्यात मागची चाकं अडकल्यासारखा दिसतो.

या गाड्या जातात कुठे? तेरणा कारखान्याच्या गेटपर्यंत. एकादशीला तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला. रात्री येडशीकडे ढाब्यावर. सगळा रस्ता डांबरी. खड्डे आहेत, नाकारत नाही. पण कंपनीनं थारला जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंची आधीच दिली आहे. तेवढी ज्याला पुरत नाही त्यानं गाडीचं नव्हे, रस्त्याच्या ठेकेदाराचं नाक धरावं. त्या ठेकेदाराच्याच वाढदिवसाच्या बॅनरवर आपला फोटो असेल, तर मग नाक वर करायला चकत्या बसवाव्या लागतात.

हे काम होताना मी उभं राहून पाहिलं आहे. गाडी जॅकवर. चाक काढलं. वरच्या आर्मचा बॉलजॉइंट हातोडीनं ठोकून सुटा केला. शॉकअप स्प्रिंगसकट बाहेर ओढला, त्याच्या डोक्यावर इंचभर जाडीची चकती बसवली, परत नटबोल्ट आवळले. चकती इंचाची असली तरी आर्मच्या तरफेमुळे चाकापाशी उंची दीड-दोन इंच मिळते. इथपर्यंत मिस्त्रीचा हात सफाईनं चालला. खरं काम सुरू होतं ते यानंतर. आर्मचा कोन बदलला म्हणजे चाकाचा कॅम्बर, कॅस्टर, टो सगळं बदललं. अलाइनमेंट नव्यानं हवी. फोर बाय फोर असेल तर पुढच्या अ‍ॅक्सलचा जॉइंट आता वाकड्या कोनात फिरणार. चाक खाली लोंबल्यावर ब्रेकचा होज ताणला जातो का, तेही बघायला हवं. यातलं काय झालं? मिस्त्री हात पुसत म्हणाला, "चालवून बघा. एका बाजूला ओढली तर या."

ती ओढतेच. मग टायर एका कडेनं खातो आणि मालक टायर कंपनीला शिव्या घालतो. रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर येतं, वळणावर टकटक सुरू होते, मग मालक गाडीच्या कंपनीला शिव्या घालतो. चकती बसवणाऱ्याला शिव्या घातलेल्या मी अजून ऐकल्या नाहीत. तो गावचाच असतो.

खड्ड्यांचं कारण सांगणाऱ्यांना तर हसावं की रडावं कळत नाही. खड्ड्यात चाकाला खाली उतरायला वाव लागतो. चकती तो वाव जराही वाढवत नाही, कारण शॉकअपची लांबी आहे तेवढीच राहते. गाडी उंच होते आणि खड्ड्यातलं आपटणं तसंच राहतं. आणि रानात फसायची भीती? काळ्या मातीत थार फसते ती टायर चिखलानं भरून गुळगुळीत झाल्यामुळे, नाहीतर मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा जमिनीला टेकल्यामुळे. तो गोळा स्प्रिंगखाली असतो. स्प्रिंगवर काहीही चढवा, तो तसूभर वर येत नाही. त्याला मोठा टायर लागतो. म्हणजे दिखाव्यापलीकडे पैशाचं काहीच झालं नाही.

दिखावा स्वतःपुरता असता तर मी गप्प बसलो असतो. लोक सोन्याचे शर्ट घालतात, आपण काय बोलतो? पण हेडलाइट गाडीच्या पुढच्या अंगाला असतात, आणि नाक वर गेलं की तेही वर बघायला लागतात. हिशेब शाळकरी आहे. डिपरचा झोत दर मीटरला साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खाली उतरेल असा लावलेला असतो. थारच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २४५० मिलिमीटर. मागचं तसंच ठेवून पुढून दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर उचललं, तर झोत मीटरमागे दोन सेंटिमीटर वर सरकतो. उतरायचा तो चढायला लागतो. पन्नास मीटरवर जो उजेड माणसाच्या गुडघ्यापाशी पडायचा, तो थेट मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यात. वर मालकाची खात्री, की आपण डिपरवरच आहोत!

आता हे लातूर-बार्शी रस्त्यावर, गाळप हंगामात, रात्री बघा. कैक हंगाम थंड पडलेला कारखाना पुन्हा पेटला, रस्त्यावर ऊस आला, आनंद आहे. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बैलांच्या टायरगाड्या, मागे रिफ्लेक्टर असला तर नशीब. उसावर झोपलेलं तोडणीवाल्याचं पोर. समोरून उचललेल्या नाकाची गाडी आली की दोन-चार सेकंद काही म्हणता काही दिसत नाही, आणि तेवढ्यात पुढे टायरगाडी असते. धडक होते मोटारसायकलची आणि टायरगाडीची. पंचनाम्यात नावं त्या दोघांची. थार केव्हाच मुरूडच्या पुढे गेलेली असते.

मग उसाच्या ट्रकवाल्याला मी सोडतो का? नाही. तोही स्प्रिंगचे पाटे वाढवतो. लोहाराकडून जुन्या पाट्याला तापवून कमान मारून घेतो, आणि तापवताना पोलादाचं पाणी उतरलं की तो पाटा भर ओझ्याखाली बसतो नाहीतर तुटतो. पण त्याचं भाडं टनावर ठरतं. २०१८ च्या जुलैत सरकारनं दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन केलं. त्यावर भरलं तर वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे. तरी भरतो. मागे ओझं वाढलं की त्याचं नाक आपोआप वर होतं, स्टेअरिंग हलकं पडतं, आणि त्याच्या पोटात गोळा येतो. पोटासाठी चुकणाऱ्याला ज्याची धास्ती वाटते, तेच हौशी माणूस पैसे मोजून बसवून घेतो.

ओझ्यावरून आठवलं, याच ढोकीवरून कधीकाळी बार्शी लाइट रेल्वे धावायची. अडीच फुटी रूळ. १८९७ ला बार्शीपर्यंत, १९११ ला लातूरपर्यंत. ती उभारणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप मोठा चक्रम माणूस, पुढे पॅराशूट बनवायच्या मागे लागला. पण कुठल्याही अ‍ॅक्सलवर पाच टनांहून जास्त भार यायचा नाही, हा हिशेब त्यानं आधी मांडला आणि मग गाडी बांधली. आपल्याकडे गाडी आधी बिघडवतात. हिशेब विमा कंपनी मांडते, दावा नाकारताना.

कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १८२-अ मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड सांगतं, किंवा दोन्ही. नंबरप्लेटवर 'दादा' दिसलं की पावती फाटते. हेडलाइट कुठे बघतोय ते तपासायला मात्र रात्री रस्त्यावर उभं राहावं लागतं.

तेव्हा भावी सरपंच, भावी सदस्य, भावी जे काही असाल ते, एवढं करा. आज अंधार पडल्यावर गाडी सपाट जागी, भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करा आणि डिपर लावा. उजेडाची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा खाली पडली पाहिजे. पडत नसेल तर डॅशवरचा हेडलाइट खाली करायचा खटका फिरवा, नाहीतर मिस्त्रीकडून स्क्रू आवळून घ्या. तरीही जमलं नाही, तर चकत्या काढून घरात ठेवा.