अपरिचिताशी वाद

वैद्याने वैद्याशी चर्चा करावी, तिने ज्ञान वाढते व संशय फिटतो, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितले आहे. अशा चर्चेचे दोन प्रकारही तेथे वर्णिले आहेत. सलोख्याने, एकमेकांपासून शिकण्याच्या हेतूने होते ती संधाय संभाषा, आणि जिंकण्याच्या ईर्षेने होते ती विगृह्य संभाषा. दुसऱ्या प्रकारात उतरण्यापूर्वी प्रतिवाद्याचे ज्ञान, त्याचा स्वभाव आणि समोर बसलेली सभा यांची नीट पारख करून घ्यावी, असा व्यवहारी उपदेशही त्या ग्रंथात आहे.

हा उपदेश पाळण्याची सोय आज पुष्कळ ठिकाणी उरलेली नाही. इंटरनेटवर निवडणुका, लसीकरण, उत्क्रांतिवाद किंवा स्त्रियांचे हक्क अशा विषयांवर वाद घालणारा मनुष्य बहुधा ज्याच्याशी बोलतो, त्याचे नाव, वय, गाव, व्यवसाय यांतले काहीच त्याला ठाऊक नसते. तेव्हा असला वाद व्यर्थच होय, असे अनेक सुशिक्षित माणसे म्हणतात. हे मत घाईचे आहे. अपरिचिताच्या अंगी एक मोठा गुण असतो. तो भीड धरीत नाही. वडीलधाऱ्यांचा मान, नोकरीतील पायरी, नात्यागोत्यांतील संकोच यांमुळे घरात वा कचेरीत जे चुकीचे विधान वर्षानुवर्षे कोणी खोडून काढीत नाही, ते परका मनुष्य क्षणात खोडून काढतो. विज्ञानाने तर या गुणाचा पद्धतशीर उपयोग करून घेतला आहे. संशोधकाचा निबंध नियतकालिकाकडे गेला म्हणजे तो ज्या परीक्षकांकडे धाडला जातो, त्यांची नावे लेखकाला बहुधा कळविली जात नाहीत.

मात्र जेथे माणसाची पारख करता येत नाही, तेथे ते काम जागेच्या नियमांनी करावे लागते. या दृष्टीने 'रेडिट' या संकेतस्थळावर २०१३ साली कॅल टर्नबुल या स्कॉटिश तरुणाने सुरू केलेले 'चेंज माय व्ह्यू', म्हणजे 'माझे मत बदला', हे चर्चापीठ लक्षात घेण्यासारखे आहे. तेथे येणाऱ्याने आपले मत कारणांसह मांडावयाचे आणि इतरांनी त्याविरुद्ध युक्तिवाद करावयाचा. मत मांडून निघून जाण्यास मज्जाव आहे. मांडणाऱ्याने पहिल्या तीन तासांत उत्तरे देण्यास उपस्थित राहिले पाहिजे. शिवीगाळ केल्यास लिखाण काढून टाकले जाते. सर्वांत मार्मिक नियम मात्र निराळाच आहे. ज्याच्या युक्तिवादामुळे आपले मत थोडेसे जरी पालटले, त्याला डेल्टा या ग्रीक अक्षराची खूण द्यावयाची, आणि मत कसे पालटले हेही लिहावयाचे. हार पत्करणे ही नामुष्की न राहता ती एक नोंद करण्याजोगी घटना व्हावी, असा या योजनेचा हेतू आहे. आपल्याकडील शालेय वादविवाद स्पर्धांत अनुकूल व प्रतिकूल बाजू पुष्कळदा चिठ्ठ्या टाकून ठरतात, आणि आपले मत बदलले असे व्यासपीठावरून सांगणाऱ्या विद्यार्थ्यास बक्षीस मिळाल्याचे कोणी ऐकलेले नाही. या स्पर्धांनी बोलण्याचे धैर्य येते हे खरे. पण त्या विगृह्य संभाषेच्याच शाळा होत.

या चर्चापीठावर जमलेल्या सुमारे अडीच वर्षांच्या वादांचा अभ्यास कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. त्यातील निष्कर्ष शिक्षकांनी फळ्यावर लिहावेत असे आहेत. दोघांत काही वेळा उत्तर-प्रत्युत्तर झाल्याने मतांतराचा संभव वाढतो. पण तेच दोघे पाचाहून अधिक फेऱ्या झगडत राहिले, तर तो जवळजवळ नाहीसा होतो. मूळ लेखकाचेच शब्द फिरवून मांडण्यापेक्षा जो नवे शब्द, म्हणजे बहुधा नवा मुद्दा, घेऊन येतो, तो अधिक यशस्वी ठरतो. 'असेही असू शकेल' अशी सावध भाषा कमकुवतपणाची वाटली, तरी यशस्वी युक्तिवादांत ती अधिक आढळते. आणि जो आपले मत मांडताना 'आम्ही' म्हणतो, त्यापेक्षा 'मी' म्हणणाऱ्याचे मत पालटण्याचा संभव अधिक असतो. या शेवटच्या गोष्टीचे कारण उघड आहे. समूहाच्या वतीने बोलणाऱ्याला मत सोडताना समूहही सोडल्यासारखे वाटते.

केवळ विरुद्ध मत कानांवर पडल्याने माणूस उदार होतो, असे मात्र नव्हे. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन्ही पक्षांच्या अनुयायांना 'ट्विटर'वर विरुद्ध पक्षाकडील पुढाऱ्यांची व विचारवंतांची रोज २४ विधाने महिनाभर वाचावयास लावली. परिणामी रिपब्लिकन पक्षाचे अनुयायी आपल्या मतांत अधिकच कडवे झाले. ही विधाने अंगावर येऊन आदळत होती. त्यांत वाचणाऱ्याला उद्देशून केलेला प्रश्न नव्हता आणि त्याचे उत्तर ऐकणाराही कोणी नव्हता.

'चेंज माय व्ह्यू'ची सारी रचना एका गृहीतावर उभी आहे. समोरचा अपरिचित असला, तरी तो मनुष्य आहे, आणि तो स्वतःविषयी जे सांगतो ते तो खरे मानून सांगतो. एप्रिल २०२५ मध्ये या गृहीताला मोठा तडा गेल्याचे उघडकीस आले. झुरिक विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी त्याआधीचे काही महिने कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेले एक हजाराहून अधिक प्रतिसाद खोट्या खात्यांवरून तेथे प्रसिद्ध केले होते. यंत्राचे लिखाण न सांगता देण्यास त्या चर्चापीठाच्या नियमांनी बंदी होती. एका खात्यामागील कल्पित व्यक्ती बलात्काराला बळी पडलेली होती, दुसरी अत्याचारपीडितांना सल्ला देणारी होती, आणखी एक 'ब्लॅक लाइव्ज मॅटर' चळवळीस विरोध करणारा कृष्णवर्णीय पुरुष होता. काही प्रतिसादांसाठी तर मत मांडणाऱ्याचे पूर्वीचे लिखाण यंत्राकडून चाळवून त्याचे वय, लिंग, वंश, ठिकाण व राजकीय कल यांचा अंदाज बांधण्यात आला आणि त्याला रुचेल असा युक्तिवाद तयार करण्यात आला. ज्यांच्यावर हा प्रयोग झाला, त्यांच्यापैकी कोणाचीही संमती घेतलेली नव्हती.

संशोधकांचा बचाव असा की, यंत्रे लोकांची मते गुपचूप वळवू शकतात की काय हे समाजाला कळणे अगत्याचे आहे, आणि आधी सांगितले असते, तर प्रयोगच फसला असता. पहिला मुद्दा खोटा नाही. असे काम कोणीतरी दुष्ट हेतूने करील, ही भीती रास्तच आहे. परंतु त्यावरून ते काम विद्यापीठानेच करावे असे निघत नाही. विहिरीत विष कालविता येते हे सिद्ध करण्यासाठी गावाच्या विहिरीत ते कालवून दाखवीत नाहीत.

दुसरा मुद्दाही तपासून पाहिला, तर डळमळतो. कोस्टेलो, पेनिकुक व रँड यांनी 'सायन्स' नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कटकारस्थानांच्या कल्पनांवर विश्वास ठेवणाऱ्या दोन हजारांहून अधिक अमेरिकनांचा यंत्राशी संवाद घडविण्यात आला. आपण यंत्राशी बोलत आहो हे त्यांना ठाऊक होते. तरीही तीन फेऱ्यांच्या त्या संवादानंतर त्यांचा विश्वास सरासरीने सुमारे २० टक्क्यांनी घटला, आणि दोन महिन्यांनंतरही तो परिणाम टिकून होता. यंत्राच्या युक्तिवादाचे सामर्थ्य मोजावयाचे होते, तर असा उघड मार्ग उपलब्ध होता. झुरिकच्या प्रयोगात युक्तिवादाबरोबर खोटी दुःखेही घातलेली असल्याने मतांतर नेमके कशाने झाले, हे सांगणेही कठीण होऊन बसले. शास्त्रीय दृष्ट्या हा दोष नैतिक दोषाइतकाच गंभीर आहे.

अपरिचितांच्या वादात फसवणूक यंत्रांच्या आधीही होत होती, असा एक आक्षेप येईल. होत होती, परंतु खोटे बोलणारा मनुष्यही त्या वादात काही गमावून बसण्याच्या स्थितीत असतो. त्याला उलट प्रश्न येतो, त्याचे उत्तर चुकते, आणि कधी त्याचेच मत पालटते. ज्याला स्वतःचे मतच नाही, त्याच्याशी झालेली चर्चा कितीही सभ्य असली, तरी तिला संधाय संभाषा म्हणता येणार नाही; कारण शिकणारा तेथे एकच असतो आणि ते त्याला ठाऊक नसते.

पुढे संशोधकांनी तो निबंध प्रसिद्ध न करण्याचे ठरविले, 'रेडिट'ने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला आणि आपली परीक्षणपद्धती अधिक कडक करू असे विद्यापीठाने सांगितले. चर्चापीठाच्या नियामकांची तक्रार मात्र एवढ्याने मिटणारी नव्हती. त्या खात्यांना डेल्टाच्या खुणा मिळाल्या होत्या, आणि त्या देणाऱ्यांनी नियमाप्रमाणे आपले मत का पालटले हेही लिहिले होते. त्यांच्यापैकी ज्याने एखाद्या पीडितेच्या अनुभवावर विश्वास ठेवून आपले मत बदलले असेल, त्याला ती व्यक्ती कधी अस्तित्वातच नव्हती हे कळल्यावर ते मत पुन्हा एकदा, आणि या वेळी एकट्यानेच, तपासून पाहावे लागले असेल.